एका नाण्याच्या येरझारा

चष्मेवाल्याच्या घरात भांडणं भरपूर होत, पण ती शिळी होत नसत. याचं श्रेय नवराबायकोच्या स्वभावाला देण्यात अर्थ नाही. ते एका नियमाला होतं. वाद झाला की खरं काय ते तपासायचं, आणि जो चुकला असेल त्याने दुसऱ्याला एक नाणं द्यायचं. लगेच, उभ्या उभ्या. देताना तोंड वाकडं करायचं नाही, घेताना हसायचं नाही, आणि नाणं हातात पडलं की त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही.

नियम बायकोचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी शेगडीचं बटण कुठल्या दिशेने बंद होतं यावरून घरात आठवडाभर अबोला झाला होता, तेव्हा तिने तो घालून दिला. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे शाळेत, गल्लीत आणि हळूहळू घरातही तिला सगळे बाईच म्हणायचे. एकदा सिद्ध झालं की पुढच्या प्रमेयाकडे वळायचं, मागे वळून बघायचं नाही, अशी बाईंची शिस्त. नाणं मात्र एकच होतं. कधी ते बाईंच्या पर्समध्ये असायचं, कधी चष्मेवाल्याच्या खिशात. वर्षानुवर्षं त्याच्या येरझारा चालल्या आणि संसारही चालला.

मग बाईंचा भाऊ आला. हा मेहुणा दर दोन वर्षांनी नव्या धंद्यात शिरायचा आणि त्यातून बाहेर पडताना जरा बारीक झालेला दिसायचा. त्या सुमारास तो क्रिप्टोत होता.

"भावोजी, जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून चिल्लर फिरवताय!" असं म्हणून त्याने दोघांच्या फोनवर एकेक वॉलेट टाकून दिलं आणि चष्मेवाल्याच्या वॉलेटात कसलंसं एक कॉइन भरलं. "लग्नाच्या वाढदिवसाचं समजा. दोन कप चहा येईल एवढ्याचं आहे."

चष्मेवाल्याला क्रिप्टोमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सोय पटली. आता दिवसाढवळ्या, एकमेकांपासून लांब असतानाही भांडण मिटवता येऊ लागलं. बाई शिक्षकांच्या खोलीतून फोन करून म्हणायच्या, "बघितलं मी. वीजबिलाची तारीख तुम्ही म्हणत होतात तीच होती." आणि पाठोपाठ दुकानात टिंग वाजायचं. समोरचं गिऱ्हाईक हनुवटी टेकवून तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं. चष्मेवाला गालातल्या गालात हसायचा आणि म्हणायचा, "हं, आता खालची ओळ."

नाण्याचा भाव मध्यंतरी फार चढला. दुकानाच्या महिन्याच्या भाड्याइतका झाला, मग तिमाहीच्या भाड्याइतका. मेहुणा सारखा फोन करायचा, "विका, ताई, विका!" पण विकायचं तर भांडणं कशाने मिटवायची? दोघांनी त्याच्याकडे कधी पैसा म्हणून बघितलंच नव्हतं. मग भाव जसा चढला तसाच घसरला आणि दोन कप चहापाशी येऊन बसला. मेहुणाही क्रिप्टोतून बाहेर पडला. जरा बारीक दिसत होता.

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते दुकानाचा परवाना संपत आला तेव्हा.

चष्म्याच्या दुकानाला परवाना लागतो. तो नसेल तर डोळे तपासता येत नाहीत, काच घासता येत नाही, साधी दांडीसुद्धा वाकवून देता येत नाही. यंदापासून परवान्याच्या अर्जाला कर भरल्याचा दाखला जोडायचा होता, आणि दाखल्याच्या अर्जात एक नवा प्रश्न होता. तुमच्याकडे आभासी चलन आहे का? हो की नाही?

शेजारचा तसबीरवाला दिवसभर फोनवर क्रिप्टोचेच आलेख बघत बसायचा. त्याने 'नाही'वर टिचकी मारली आणि मागवलेला चहा यायच्या आत दाखला छापून घेतला. चष्मेवाल्याने 'हो'वर मारली. आपल्याकडे आहे, मग 'हो' म्हणायचं, एवढा सरळ विचार. आयुष्यभर ज्याने लोकांना "खरं सांगा, दिसतंय का?" असं विचारलं, त्याच्याकडून दुसरं काही होणं कठीणच होतं.

'हो' म्हटल्याबरोबर पडद्यावर त्या नाण्याची सगळी ये-जा उलगडली. खाली, आणखी खाली, बोट दुखेपर्यंत खाली. प्रत्येक फेरीपुढे एक चौकट. व्यवहाराचा उद्देश निवडा. विक्री, भेट, मोबदला, पैज, इतर. चष्मेवाल्याने इमानदारीत 'इतर' निवडलं. 'इतर'ला खुलासा लागत होता. तो रोज संध्याकाळी दुकान मिटल्यावर चष्मा कपाळावर चढवून खुलासे लिहीत बसला.

'पाहुण्यांना साखर चालत नाही असे पत्नीने सांगितले होते. मी ऐकले नाही.'

'माझ्या आत्याचे गुडघे दुखतात, कंबर नव्हे, हे फोन करून खात्री केली.'

'नळ गळत नव्हता. माझा भ्रम.'

प्रत्येक खुलासा लाल होऊन परत आला. उद्देश अस्पष्ट. त्याने शेवटी 'नळ खरोखर गळत नव्हता' असं ठासून लिहून पाहिलं. तेही परत आलं. मग त्याने हात टेकले आणि कर सल्लागार गाठला.

सल्लागाराचं ऑफिस जिन्याखाली होतं, त्यामुळे तो बसलेलाच बरा दिसायचा. उठला की त्याचं डोकं आपटायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला 'हो' म्हणायला कोणी सांगितलं होतं?"

"नाणं आहे ना पण."

"असणं वेगळं, सांगणं वेगळं. बरं, झालं ते झालं." त्याने कागद पुढे ओढला. "हे बघा. तुम्ही बाईंना नाणं दिलंत. खात्याच्या लेखी तुम्ही ते त्या दिवशीच्या भावाने विकलंत. बाईंना मिळालं, ती त्यांची कमाई. दुसऱ्या दिवशी बाईंनी परत दिलं. आता त्यांनी विकलं आणि तुम्ही कमावलंत."

"नाणं तर एकच आहे."

"खात्याला नाणं दिसत नाही हो, हालचाल दिसते. चेंडू एकच असला तरी टप्पे मोजतात."

"मग मी जे गमावलं ते वजा होईल ना?"

"नाही. यात तोटा वजा होत नाही. फायद्यात खात्याचा वाटा असतो. तोटा हा तुमचा घरगुती प्रश्न."

"म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या जिवावर श्रीमंत झालो?"

"कागदावर. चांगलेच. त्यात भाव चढला होता तेव्हा तुमची ही टोलवाटोलवी जोरात होती." सल्लागाराने बेरीज केली, ती चष्मेवाल्याकडे वळवली आणि स्वतः दुसरीकडे बघू लागला. आकड्यात दुकानातली काच घासायची मशीन, फ्रेमांची कपाटं आणि खुद्द चष्मेवाला असं सगळं मावलं असतं आणि वर जागा उरली असती.

"एक विचारू?" सल्लागार म्हणाला. "तुम्ही दोघं इतकं भांडता?"

"भांडत नाही. मिटवतो."

"ते कुठे बोलू नका. मिटवतो म्हणालात की मोबदला झाला, आणि हरल्यावर देतो म्हणालात की पैज झाली. पैजेला तर सगळ्यात जास्त कर. तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भेट. नवराबायकोतल्या भेटीवर कर नाही. दोघांनी लिहून द्यायचं की प्रत्येक वेळी नाणं स्वखुशीने, प्रेमापोटी, कसलीही अपेक्षा न ठेवता दिलं. अधिकाऱ्यासमोर जाऊन तसं तोंडी सांगायचं. दाखला मिळाला की परवाना मिळाला." तो उठायला गेला, आपटला, खाली बसला. "आणि निकाल लागेपर्यंत त्या नाण्याला हात लावायचा नाही. नवी फेरी दिसली की मेलात."

घरी बाईंनी ते प्रतिज्ञापत्र उभ्यानेच वाचलं.

"स्वखुशीने?"

"लिहिण्यापुरतं गं."

"मी तुम्हाला आजवर एकदाही स्वखुशीने नाणं दिलेलं नाही. प्रत्येक वेळी जिवावर आलं होतं. तीच तर त्यातली गंमत होती."

"कागदावर म्हणायचं फक्त."

"तोंडी एक वेळ म्हणेन. कागदावर खोटं लिहायचं नाही असं मी मुलांना शिकवते."

"दुकान जाईल अगं!"

बाईंनी सही केली, पण पेन असं काही ठेवलं की चष्मेवाल्याला नको झालं. बरोबर बाई होत्या. एरवी त्याने मुकाट्याने फोन काढला असता, पर्समध्ये टिंग वाजलं असतं आणि दोघं जेवायला बसली असती. आता नाण्याला हात लावायची सोय नव्हती. ते भांडण तसंच मेजावर पडून राहिलं.

त्या दिवसापासून घरात भांडणं साचायला लागली. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी सांगितली होती की नंतर, हे एक. गच्चीच्या दाराला कडी कोणी लावली नव्हती, हे दुसरं. दोघांनी तपासून बघितलं होतं, कोण चुकलं तेही दोघांना माहीत होतं, पण दिल्याघेतल्याशिवाय विषय बंद कसा करायचा ते दोघांनाही येत नव्हतं. चष्मेवाला एकदा नुसतंच "चुकलो" म्हणून बघायला गेला. बाई म्हणाल्या, "असं फुकट काय म्हणता?" मग त्यांनी आगकाडी द्यायचं ठरवलं. चष्मेवाल्याने सावधगिरी म्हणून सल्लागाराला फोन केला. सल्लागार म्हणाला, "त्याला वस्तुविनिमय म्हणतात. काड्या मोजून ठेवा." आगपेटी परत ओट्यावर गेली.

घर तेवढंच होतं, पण दोघं अंग चोरून वावरू लागली. गच्चीचं दार आलं की एक भांडण आडवं, गोळ्यांचा डबा आला की दुसरं. चष्मेवाला दुकानात जास्त वेळ बसायला लागला आणि बाई वह्या शाळेतच तपासू लागल्या. दुकान वाचलं की हे सगळं मार्गी लागेल, असं तो मनाला समजावत होता. परवाना हातात पडला की त्याच दिवशी साचलेलं सगळं एका दमात मिटवून टाकायचं, मग होऊ दे फोनचं काय व्हायचं ते.

कर कार्यालयात जाताना सल्लागाराने दोघांना एकच शब्द पाठ करून दिला होता. काहीही विचारलं तरी 'प्रेम' म्हणायचं.

अधिकारी माणूस चांगला होता. वयाने चष्मेवाल्याएवढाच. तो कागद हात लांब करून वाचत होता. हे बघून चष्मेवाल्याला राहवेना. "साहेब, तुम्हाला जवळचा नंबर लागलाय. दुकानात या, फुकट तपासून देतो."

"तसं घेता येत नाही आम्हाला," अधिकारी दुःखाने म्हणाला आणि कागद आणखी लांब धरला. "बसा. प्रतिज्ञापत्र व्यवस्थित आहे. मी आपले नमुन्यादाखल दोनचार व्यवहार विचारतो, मग दाखल्यावर सही करतो. ही शाळेच्या सुट्टीतली फेरी. तुम्ही बाईंना दिलंय. निमित्त?"

"प्रेम," चष्मेवाला म्हणाला.

"आणि लगेच त्यांनी तुम्हाला?"

"प्रेम," बाई म्हणाल्या. भूमितीच्या तासाला 'लंब' म्हणावं तशा.

"अर्ध्या तासात परत तुम्ही त्यांना?"

"उतू गेलं असेल," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने टाइप केलं. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. अधिकाऱ्याने शिक्का पुढे ओढला आणि जाता जाता एक शेवटचा व्यवहार म्हणून पडद्यावर बोट टेकवलं. "आणि हा एक दिवस तेवढा बघा. सकाळपासून दुपारपर्यंत सारखी देवाणघेवाण. त्या दिवशी काय होतं एवढं?"

दोघांनी मान पुढे केली.

"तुझ्या भावाच्या नव्या घरी गेलो तो दिवस," चष्मेवाला म्हणाला.

"हो. आणि प्रेम," बाई घाईने म्हणाल्या.

"प्रेमच. रस्ता चुकलो होतो तेव्हा."

"चुकलो नव्हतो. तुम्ही चुकला होतात."

"मी? पेट्रोल पंपाच्या आधी डावीकडे वळा असं कोण म्हणालं होतं?"

"पंपाच्या नंतर म्हणाले होते मी."

"आधी!"

"अहो, ते राहू द्या आता," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी उन्हात, पिशव्या हातात, तेव्हा वाद नको म्हणून मी देऊन टाकलं. तपासलं नव्हतं आपण. न तपासता दिलेलं ते एकच."

"मग तपास ना!"

बाईंनी फोनवर नकाशा काढला. बोटाने मोठा केला. चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढून बघितलं. पंप होता. त्याच्या आधी नुसती भिंत होती, वळायला जागाच नव्हती. पंपाच्या नंतर डावीकडे मेहुण्याची गल्ली होती. सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ.

किती तरी दिवसांत त्याने इतकं पूर्ण, इतकं निर्विवाद काही बघितलं नव्हतं. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने काही विचार केला नाही. इतक्या वर्षांचा हात, तो आपोआप खिशात गेला, फोन काढला, अंगठा फिरला.

बाईंच्या पर्समध्ये टिंग वाजलं.

क्षणभर बाईंचा चेहरा असा निवला की चष्मेवाल्याला वाटलं, बरं झालं. मग तिघंही पर्सकडे बघत राहिले.

"हे आत्ता काय झालं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"भेट," चष्मेवाला म्हणाला.

"कशाबद्दल?"

"प्रेम." त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

"पंपाच्या नंतर डावीकडे होतं, म्हणून?"

अधिकाऱ्याने शिक्का होता तिथे ठेवला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. "मी बघितलं नसतं तर बघितलं नसतं," तो म्हणाला. "माझ्यादेखत झालं. हरल्यावर दिलंत. ही पैज झाली, आणि एक पैज असेल तर सगळ्याच. यंत्रणा एकच उद्देश सगळ्यांना लावते." त्याने पडद्यावर निवडलं. पडदा थोडा वेळ गोल गोल फिरला आणि सल्लागाराच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा घेऊन आला.

"अपील करता येईल का?" बाईंनी विचारलं.

"येईल ना. आधी निम्मी रक्कम भरायची."

"आणि हप्त्याने भरायचं म्हटलं तर?"

"हप्ते मिळतात. चालू परवाना असणाऱ्या दुकानदारांना."

"परवान्याला दाखला लागतो," चष्मेवाला म्हणाला.

"आणि दाखल्याला पूर्ण भरणा," अधिकारी म्हणाला. पुढे तो आपणहून म्हणाला, "आमच्या घरी तर काहीच मिटत नाही हो. तुमची पद्धत चांगली होती."

परवाना ठरल्या दिवशी संपला. भिंतीवरून तो बाईंनीच उतरवला, कारण चष्मेवाल्याचा हात तिथवर जाईना. तयार असलेले चष्मे गिऱ्हाइकांना सुपूर्द करण्यापुरतं दुकान आणखी काही दिवस उघडं ठेवायची मुभा होती. डोळे तपासायचे नाहीत. कशालाही हत्यार लावायचं नाही. मशीनवर कापड घातलं होतं. शाळा सुटली की बाई येऊन गल्ल्याशी बसायच्या, कारण घरी दोघांनाही करमत नव्हतं.

त्यातल्या एका दुपारी गल्लीतला शिंपी आला. चष्म्याची दांडी एका हातात, काचा दुसऱ्या हातात. "मालक, एक स्क्रू पिळा जरा. कापड बेतायचं खोळंबलंय."

"मला करता यायचं नाही."

"म्हणजे? हात दुखतोय?"

"परवाना नाही. आता हात लावला तर दंड."

"एका स्क्रूला?"

"स्क्रूलाच. बाकी काही उरलंच नाही."

शिंप्याला वाटलं, थट्टा चाललीय. मग त्याने मशीनवरचं कापड बघितलं आणि त्याचं हसू ओसरलं. चष्मेवाल्याने छोटा स्क्रू-ड्रायव्हर काचेवर ठेवला, पुढे सरकवला. "तुम्ही करा. तुमचा चष्मा, तुम्हाला कोण अडवणार? मी सांगतो कसं ते."

"अहो, पण चष्म्याशिवाय मला स्क्रू दिसतोय कुठे?"

ही अडचण तिघांच्याही एकदमच लक्षात आली.

"चाचपून लागेल," चष्मेवाला म्हणाला. "दांडी भोकात बसवा. बसली? आता टोक टेकवा. जरा वर. वर म्हणजे तुमच्याकडे. हां. आता उजवीकडे पिळा. हळू."

"फिरत नाहीये."

"उजवीकडे."

"कोणाच्या उजवीकडे?" बाईंनी विचारलं. "तुम्ही समोर उभे आहात. त्यांची उजवी वेगळी."

"पिळायला समोर आणि मागे काय असतं? उजवी ती उजवी."

"काहीतरीच. चष्मा त्यांनी उलटा धरलाय, म्हणजे—"

"पाहिजे तर तपास," चष्मेवाला म्हणाला, आणि म्हणताच गप्प झाला. बाईही गप्प झाल्या. शिंपी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. त्याला अर्थातच दोन धूसर आकृत्याच दिसत असाव्यात.

"ठरवा काय ते," तो म्हणाला आणि स्वतःच्या मनाने एका बाजूला पिळलं.

स्क्रू निसटला. काचेवर एकदा वाजला आणि खाली गेला. शिंपी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. बाई पदर खोचून त्याच्या शेजारी वाकल्या. चष्मेवाल्याला तो इथूनच दिसत होता, कपाटाच्या पायाशी, तिळाएवढा, चमकणारा. वाकून चिमटीत धरायचा, बस. त्याने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले.

"डावीकडे," तो म्हणाला. "अजून थोडं. नाही, पुढे गेलात. मागे या."